दसऱ्याच्या आत

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. दिवाळीनंतर अर्धा वर्ग ऊसतोडीला जातो आणि आपल्या हाती काही उरत नाही, असं लिहिलंस. बीडमध्ये मी उभा जन्म तेच पाहिलं. पण वर्ग दिवाळीनंतर रिकामा होत नाही गं. मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, आगाऊ उचल घरात आली, त्या दिवशीच तो रिकामा झालेला असतो, आणि ती येते पावसाळ्यात. म्हणून तुझं काम दसऱ्याच्या आत उरकायला हवं.

गौरी-गणपतीत घरोघर जा. आईबाप दोघंही कोयत्याला जाणार का, आजी मागे राहणार का, धाकट्याला कोण सांभाळणार, एवढंच विचार. आजी असेल तर पोर गावात राहू शकतं. हंगामी वसतिगृह त्यासाठीच असतं, फक्त यादी वेळेत गेली पाहिजे. जाणारच असेल तर तिकडच्या शाळेत दाखवायचं शिक्षण हमी कार्ड त्याच्या हाती दे आणि कारखाना, गाव, मुकादमाचा फोन तुझ्या वहीत उतरवून घे. दाखला नाही म्हणून तिकडच्या शाळेला त्याला परत पाठवता येत नाही, २००९ चा कायदाच आहे.

आठवीतल्यांची एनएमएमएस, ती केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा, तर मुळीच सोडू नकोस. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये! पण उत्पन्नाचा दाखला साडेतीन लाखांच्या आतला हवा आणि परीक्षेच्या सुमारास बाप सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या फडात असतो. तहसीलची खेप जुलैतच करायला लाव. शिवाय सातवीत साधारण ५५ टक्के लागतात, म्हणजे तयारी आदल्या वर्षीच सुरू झाली.

आता माझी एक चूक सांगते. चौथीतल्या एका पोराला ‘वही का नाही आणली?’ म्हणून मी सगळ्यांसमोर उभं केलं. तो गप्प. मधल्या सुट्टीत त्यानेच हळूच वही आणून दाखवली. गणित, मराठी, सगळ्याला ती एकच. शिसपेन्सिलीने लिहायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं. कागद इतका झिजलेला की मागची ओळ पुढे दिसत होती, मधे एक भोकही. ती काढायची त्याला लाज वाटली होती. त्यानंतर मी कपाटात कोऱ्या वह्या ठेवल्या, पण वाटल्या सगळ्यांना, सरपंचाच्या पोरालासुद्धा. एकट्याला दिल्या असत्या तर त्याने घेतल्या नसत्या.

आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पोरं परत आली की ‘मागे पडलेली’ म्हणून कोपऱ्यात बसवू नकोस. किती टन तोडला, किती खेपा झाल्या, उचल फिटायला किती उरली, हे त्यांना तोंडपाठ असतं. शेकडेवारी तिथूनच शिकव. पुस्तकातला नफा-तोटा चार दिवस थांबेल.

घटस्थापना कधी आहे ते कॅलेंडरात बघ आणि तिथून उलटे दिवस मोज. किती घरं झाली ते कळव.

तुझी,
बाई