व्हिडिओ क्यूसीची नोकरी घ्यावी का, की ते काम आता सॉफ्टवेअरच करतं?

तुम्ही कळव्यात राहता, मास मीडिया झालंय, महापे एमआयडीसीतल्या एका पोस्ट-प्रॉडक्शन कंपनीकडून क्यूसी ऑपरेटरची, म्हणजे तयार फाइल बाहेर जाण्याआधी तिच्यातल्या चुका शोधणाऱ्याची, ऑफर आलीय आणि मित्र म्हणतो, ‘हे काम सॉफ्टवेअर करतं, पडू नकोस त्यात.’ मी ठाण्यात वागळे इस्टेटला हेच काम करतो, म्हणून लिहितोय.

मित्राचं अर्धं खरं आहे. जे मोजता येतं, ते सॉफ्टवेअर आपल्यापेक्षा चांगलं मोजतं. आवाजाची सरासरी पातळीच घ्या. युरोपच्या ईबीयू आर १२८ या प्रसारणाच्या मानकाप्रमाणे ती उणे २३ एलयूएफएस (आवाजाच्या पातळीचं एकक) लागते. नेटफ्लिक्स उणे २७ मागतं, तेही संवादांवर मोजून. अख्ख्या सिनेमात हे नुसत्या कानांनी सांगणारा माणूस अजून जन्मायचाय. झगमगाटाचंही तेच. डिसेंबर १९९७ मध्ये जपानात ‘पोकेमॉन’च्या एका भागात लाल-निळे झोत भराभर बदलले आणि सहाशेहून जास्त प्रेक्षकांना, त्यात बहुतेक मुलंच, दवाखान्यात न्यावं लागलं. असली तपासणी मशीनवरच सोडावी.

खरं काम मशीनचा रिपोर्ट आल्यावर सुरू होतं. दोन सेकंद स्क्रीन काळा आहे, एवढं ते सांगतं. तो दिग्दर्शकाने मुद्दाम ठेवलाय की एडिटरकडून टाइमलाइनवर फट राहिलीय, हे तुम्हाला ठरवावं लागतं. आणि कित्येक चुका त्याच्या रिपोर्टमध्ये येतच नाहीत. डबिंगसाठी संवाद काढून संगीत आणि बाकीचे आवाज एवढाच ट्रॅक देतात, त्याला आम्ही एम अँड ई म्हणतो. सून चहाचा ट्रे टेबलावर ठेवते. मूळ मिक्समध्ये कपांचा आवाज येतो, कारण तो संवादाच्या माइकमधूनच आला होता. संवाद काढले, कपही मुके झाले. पातळी बरोबर, सॉफ्टवेअरने हिरवा टिक दिला, आणि तमिळ डबिंगमध्ये ट्रे हवेत ठेवल्यासारखा.

दुसरी आपल्याकडची खास चूक म्हणजे देवनागरी. अक्षरजुळणी नीट न करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘तुम्ही’चं ‘तुम् ही’ होतं, ‘दुसऱ्या’तला र सुटा पडतो, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. श्रेयनामावलीत एखाद्या ज्येष्ठ नटाचं नाव असं मोडलं, तर फोन थेट निर्मात्याला जातो. त्यामुळे तुमचं मराठी चांगलं असेल, तर मुलाखतीत ते आवर्जून सांगा.

तरी चूक दिसणं हा सोपा भाग. ती लिहिता येते का, यावर माणूस टिकतो. ‘चौदाव्या मिनिटाला ऑडिओ प्रॉब्लेम’ असं लिहिलंत, तर रात्री दोन वाजता एडिटर तुमचा उद्धारच करणार. ‘००:१४:२२:०७, डावा चॅनल, “आई, थांब”च्या आधी क्लिक, हेडफोनवरच कळतो, किरकोळ’ असं लिहिलंत की तो थेट तिथे जातो. गंभीर की किरकोळ, हे ठरवायलाही डोकं लागतं. कोपऱ्यात चार फ्रेम बूम माइक (लांब दांडीवरचा माइक) डोकावला, तर शॉट जरासा झूम करून भागतं. पण एका पात्राचे ओठ अख्ख्या सीनमध्ये आवाजाच्या मागे चालले असतील, तर फाइल परतच जाणार. नवीन पोरं सगळंच ‘गंभीर’ लिहितात. मग त्यांचे रिपोर्ट कुणी वाचत नाही. अंधारा, दाणेदार सीन तर आधी विचारावा. छायालेखकाला तो तसाच हवा असू शकतो.

कंटाळा आहे, तो लपवत नाही. दुरुस्ती होऊन आलेला तोच भाग पुन्हा बघायचा, रोजच्या मालिकेचा असेल तर प्रक्षेपणाची घाई मानगुटीवर. सिनेमा निवांत बघण्याची सवयही जाते. आमच्या घरी टीव्ही चालू असताना मी तोंड उघडायचं नाही असा नियमच आहे.

हो म्हणण्याआधी दोन-तीन गोष्टी विचारून घ्या. पूर्ण फाइल बघायला देतात की सुरुवात, मध्य, शेवट चाळून सही करायची? मॉनिटर कॅलिब्रेट केलेला, म्हणजे रंग-उजेड मोजून नीट लावलेला, असतो की ऑफिसचा साधा स्क्रीन? रात्रपाळीला कंपनीची गाडी आहे का? लोकल बंद झाल्यावर महापेहून कळव्याला येणं म्हणजे रिक्षावाल्याची मर्जी. आणि नुसती फाइल सॉफ्टवेअरमध्ये टाकून हिरवा-लाल रिपोर्ट पुढे पाठवायचा असेल, तर मित्राचं ऐका.