आंब्याची साइट फोनवर वाचता येत नाही

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. २०१३ साली भाच्याने वेबसाइट करून दिली. घरच्या कॉम्प्युटरवर ती अजूनही छान दिसते. पण पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं फोन करून म्हणतात, 'मोबाइलवर काही वाचता येत नाही, दर तोंडीच सांगा.' एका कंपनीने मोबाइलसाठी वेगळी साइट आणि वर ॲप करून देतो म्हणून भला मोठा आकडा सांगितला आहे. एवढं खरंच लागतं का? भाचा आता बंगळूरला असतो, त्याला सवड नाही. साइटचा पत्ता सोबत दिला आहे.
– एक बागायतदार, देवगड

उत्तर : नाही लागत. ॲप तर मुळीच नको. वर्षातून एकदा दोन पेट्या घेणारं गिऱ्हाईक त्यासाठी ॲप टाकून घेणार नाही. आणि वेगळी मोबाइल साइट म्हणजे दर दोन ठिकाणी बदलायचे. ऐन हंगामात एका ठिकाणचा बदलायचा राहतो आणि मग फोनवर वाद. आता एकच साइट पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतःला जुळवून घेते. त्याला 'रिस्पॉन्सिव्ह' म्हणतात. समोरच्याने हा शब्द उच्चारला नाही, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

तुमची साइट मी वायफाय बंद करून माझ्या रोजच्या अँड्रॉइड फोनवर उघडली. अख्खं पान एका नजरेत मावतं, पण अक्षरं मुंगीएवढी. पानाच्या कोडमध्ये 'व्ह्यूपोर्ट'ची, म्हणजे 'फोनच्या रुंदीप्रमाणे दाखव' असं सांगणारी ओळ नाही, हे त्याचं कारण. ती नसली की फोन समजतो, समोर कॉम्प्युटरसाठी केलेलं रुंद पान आहे. मग तो साधारण ९८० पिक्सेलची रुंदी धरतो आणि सगळं आक्रसून दाखवतो. नुसती ती ओळ घालून मात्र तुमचं भागणार नाही, कारण तुमचं पान ठरावीक रुंदीच्या टेबलांत बांधलेलं आहे. ओळ घातली की ते उजवीकडे पडद्याबाहेर जाईल. त्यामुळे डागडुजी नको, मांडणी नव्याने करा. चार पानांची साइट आहे, वर्डप्रेस या साइट बनवायच्या साधनातल्या एखाद्या साध्या थीमवर, म्हणजे तयार मांडणीवर, आरामात बसेल.

दुसरी गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. 'आमच्याविषयी' हा मजकूर माझ्या फोनवर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी होऊन आला. तो डीटीपीच्या जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेला आहे. तुमच्या कॉम्प्युटरवर तो फॉण्ट आहे म्हणून मराठी दिसतं, गिऱ्हाइकाच्या फोनवर तो नाही. गूगललाही तिथे 'देवगड हापूस' हे शब्द सापडत नाहीत, कारण आतून ते मराठी नाहीतच. सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनला वाचता येणाऱ्या प्रमाण अक्षरांत, करून घ्या. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण रूपांतरानंतर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, हमखास बिघडतात. फॉण्ट म्हणून 'मुक्ता' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' घ्या, दोन्ही फुकट आहेत. ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त अंतर ठेवायला सांगा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो.

आता दर. गिऱ्हाईक येतं ते दर बघायला, आणि ते तुम्ही पीडीएफमध्ये ठेवलेत! मी ती उतरवली, चिमटीने मोठी केली, 'पाच डझन' ही ओळ बोटाने सरकवत सरकवत उजव्या टोकाच्या आकड्यापर्यंत नेली. तोवर ओळ चुकली. दर पानावरच लिहा, आणि तेही सहा रकान्यांच्या तक्त्यात नको. प्रत्येक पेटीचा स्वतंत्र चौकोन करा : किती डझन, फळाचं वजन, दर, पोचवण्याचा खर्च, आणि खाली व्हॉट्सॲपचं बटण. बटण अंगठ्याला सापडेल एवढं हवं. अँड्रॉइडच्या नियमावलीत पडद्यावरच्या मापाची किमान ४८ एककं सांगितली आहेत, आयफोनच्या नियमावलीत ४४. बटणावर 'अधिक माहिती' लिहू नका, 'पेटी मागवा' लिहा.

तुमचा फोन नंबर वरच्या चित्रात कोरलेला आहे. तो दाबून फोन लागत नाही आणि कॉपीही होत नाही. माणसाने तो कागदावर उतरवून घ्यायचा का? नंबर चित्रात नको, साध्या मजकुरात लिहा आणि त्याला कॉलची लिंक द्या. क्यूआर कोडचंही तेच. ज्या फोनवर साइट उघडली आहे, त्याच फोनने समोरचा कोड स्कॅन कसा करणार? कोड राहू दे, पण शेजारी यूपीआय आयडी लिहा आणि तो कॉपी करायचं बटण ठेवा.

फोटो सुंदर आहेत, पण कॅमेऱ्यातून निघाले तसेच चढवलेत. एकेक चार-पाच एमबीचा, आणि पहिल्याच पानावर असे पाच फिरते. फोनच्या पडद्याला बाराशे पिक्सेल रुंदीचा फोटो पुरतो. वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात तो सहसा दोन-तीनशे केबीत बसतो. फिरता पट्टा काढून एकच फोटो ठेवा. माझं मत विचाराल तर मोहोराचा नको, कापलेल्या फळाचा.

गूगलचीही एक बाजू आहे. कॉम्प्युटरवरचं नव्हे, तर मोबाइलवरचं रूप हेच शोधासाठी प्रमाण मानणार, असं त्यांनी २०१६ मध्ये जाहीर केलं आणि २०२३ मध्ये ते काम पूर्ण केलं. म्हणजे घरच्या कॉम्प्युटरवरची छान साइट त्यांच्या लेखी गौण. त्यांच्या 'पेजस्पीड इनसाइट्स' या वेग तपासायच्या साइटवर साइटचा पत्ता टाकलात की मोबाइलचा निकाल वेगळा मिळतो. पानावरचा सर्वांत मोठा भाग, म्हणजे तुमचा फोटो, अडीच सेकंदांच्या आत दिसावा अशी त्यांची अपेक्षा असते. काम झाल्यावर पैसे चुकते करायच्या आधी हा निकाल बघा.

आणि भाच्याला वेळ नसला, तरी एका फोनपुरता त्याला गाठाच. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे, कोणत्या ईमेलवर आहे, नूतनीकरण कधी, हे आधी विचारून घ्या. डोमेन तुमच्या नावावर आल्याशिवाय नव्या माणसाला कामाला लावू नका.

प्रश्न : आमच्या क्लासच्या साइटवर प्रवेशाचा फॉर्म आहे. आयफोनवर नाव लिहायला रकान्यात बोट ठेवलं की पान आपोआप मोठं होतं आणि 'पाठवा' बटण कडेला जातं. उपाय काय?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : रकान्यातलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर आयफोनचा सफारी ब्राउझर असं करतो. आकार १६ करा, थांबेल. काही जण उपाय म्हणून पान मोठं करायची सोयच बंद करून टाकतात. तसं करू देऊ नका, चष्मा विसरलेले पालकही हाच फॉर्म भरतात. जाता जाता मोबाइल नंबरच्या रकान्याचा प्रकार 'टेल' करून घ्या, म्हणजे थेट आकड्यांचा कीबोर्ड उघडेल. आणि फॉर्ममध्ये पालकांचा व्यवसाय, रक्तगट वगैरे कशाला विचारता? नाव, इयत्ता आणि नंबर घ्या, बाकीचं विचारा मूल क्लासला आल्यावर.