वाचक विचारतात : दोन बर्टी, बंद दार आणि कुलरची घरघर

ब्रिटिश राजघराण्यावरच्या मालिका-चित्रपटांबद्दल आलेल्या पत्रांपैकी चार या अंकात घेतली आहेत.

प्रश्न : व्हिक्टोरिया राणीच्या मालिकेत तिच्या मुलाला ‘बर्टी’ म्हणतात. एका चित्रपटात अडखळत बोलणारा राजाही ‘बर्टी’च. माणूस एकच का? दोनदा मागे नेऊन पाहिलं, तरी उलगडा झाला नाही. (शिक्षिका, ता. दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : एक नाही, पणजोबा-पणतूही नाहीत, आजोबा आणि नातू. पहिला व्हिक्टोरियाचा थोरला मुलगा अल्बर्ट एडवर्ड. तो 1901 मध्ये सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आला. दुसरा त्याचा नातू अल्बर्ट. डिसेंबर 1936 मध्ये भावाने गादी सोडली आणि हा सहावा जॉर्ज झाला. नाव अल्बर्ट, घरात बर्टी, गादीवर जॉर्ज! गादी सोडणारा भाऊ आठवा एडवर्ड, पण घरच्यांसाठी डेव्हिड. खुद्द व्हिक्टोरियाचं बारशाचं पहिलं नाव अलेक्झांड्रिना. आपल्याकडे सातबाऱ्यावर एक नाव आणि गावभर ‘बंडूभाऊ’, तशातलंच हे.

वहीच्या एका पानावर तीन रकाने आखा : घरातलं नाव, पदवी, गादीवरचं नाव. जास्त घोटाळा मधल्या रकान्यात होतो, कारण पदवी माणसाबरोबर संपत नाही, पुढच्याला मिळते. सहावा जॉर्ज राजा होण्याआधी ‘ड्यूक ऑफ यॉर्क’ होता आणि त्याचे वडीलही एके काळी ‘ड्यूक ऑफ यॉर्क’च होते. आठव्या हेन्रीची मालिका लावणार असाल तर पान वेगळं करा. सहा बायकांत तीन कॅथरीन, दोन अ‍ॅन आणि एक जेन. क्रमाने त्यांचं काय झालं ते असं : पहिलीचं लग्न रद्द, दुसरीचा 1536 मध्ये शिरच्छेद, तिसरी बाळंतपणानंतर गेली, चौथीचं लग्न रद्द, पाचवीचा 1542 मध्ये शिरच्छेद, सहावी हेन्रीच्या मागे उरली.

प्रश्न : ‘द क्राऊन’मध्ये खाणीचा मलबा शाळेवर येतो तो भाग पाहिला. रात्री झोप नाही आली. हे खरंच घडलं, का मसाला हाय? (वाचक, ता. वणी, जि. यवतमाळ)

उत्तर : घडलं. 21 ऑक्टोबर 1966, सकाळी सव्वानऊचा सुमार, वेल्समधलं अ‍ॅबरफॅन गाव. कोळशाच्या खाणीचा सात नंबरचा ढिगारा झऱ्याच्या पाण्यावर रचलेला होता. पावसाने तो आतून चिखल झाला आणि उतारावरून थेट शाळेवर आला. 144 माणसं गेली, त्यांत 116 मुलं. त्या वेळची राणी, दुसरी एलिझाबेथ, तिथे पोहोचली आठ दिवसांनी. वणी-चंद्रपूरच्या रस्त्याने जाता-येता मलब्याचे डोंगर बघणाऱ्याची झोप उडणारच.

मात्र त्याच भागात राणी आणि पंतप्रधान बंद खोलीत बोलतात, ते लेखकाचं. या साप्ताहिक भेटीत तिसरं माणूस नसतं आणि टिपणही ठेवत नाहीत. म्हणून तारीख, गर्दी, भाषण, कागदपत्र दिसलं तर ते पडताळून पाहता येतं; दार लोटलं गेलं की पुढची वाक्यं रचलेली समजावीत. रचलेलं म्हणजे वाईट असं नाही, बऱ्याचदा मालिकेचा जीव तिथेच असतो. पण कधी कधी अख्खी भेटच रचलेली असते. स्कॉटलंडची राणी मेरी आणि पहिली एलिझाबेथ 2018 च्या चित्रपटात समोरासमोर येतात. प्रत्यक्षात मेरी सुमारे 19 वर्षं एलिझाबेथच्या कैदेत होती, 1587 मध्ये तिचं डोकं उडवलं, तरी दोघी एकदाही भेटल्या नाहीत.

प्रश्न : उन्हाळ्यात दुपारीच सवड मिळते. पण पडदा काळाकुट्ट दिसतो, बोलणं ऐकू येत नाही आणि दीड जीबी एका भागातच उडतो. (वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : काळोख मुद्दाम ठेवलेला असतो. ‘वुल्फ हॉल’सारख्या मालिकेतले रात्रीचे प्रसंग तर मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित केले आहेत. दाराचा उजेड काचेवर पडला की ते दिसणारच नाहीत. टीव्हीची पाठ भिंतीला आणि तोंड दाराच्या विरुद्ध दिशेला करा, ‘पॉवर सेव्हिंग’ बंद करा, चित्र ‘व्हिविड’वरून ‘मूव्ही’वर आणा.

आवाजाचं दुखणं निम्मं कुलरचं आहे. दरबारातली कुजबुज त्या घरघरीत बुडते, आवाज वाढवला तर पुढच्या प्रसंगात बँड कानावर आदळतो. ऑडिओमध्ये 5.1 निवडलेलं असेल तर साधा स्टिरिओ घ्या, 5.1 मध्ये बोलणं मधल्या स्पीकरसाठी असतं आणि आपल्या टीव्हीला तो नसतोच. इंग्रजी सबटायटल चालू ठेवा. नावं कानापेक्षा डोळ्याने लवकर पाठ होतात.

एचडीत तासाला 3 जीबीपर्यंत जातात. डाउनलोडचा दर्जा ‘स्टँडर्ड’ ठेवा आणि दिवसाचा उरलेला डेटा रात्री अकराला डाउनलोडला लावा, बाराला नवा मिळतोच. काही भाग एकदा सुरू केले की 48 तासांत मिटतात, तेव्हा ‘जरा बघू’ म्हणून चार भाग उघडून ठेवू नका.

प्रश्न : या सगळ्यात आपला विदर्भ कुठे येतो का? (वाचक, ता. काटोल, जि. नागपूर)

उत्तर : पडद्यावर शोधू नका, तारखांत सापडेल. तिसरे रघुजी भोसले 1853 मध्ये निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षी नागपूरचं राज्य खालसा झालं. तेव्हा गादीवर व्हिक्टोरिया होती. 1 जानेवारी 1877 ला दिल्ली दरबारात ती हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली. त्याच दिवशी जमशेटजी टाटांची नागपूरची गिरणी सुरू झाली, म्हणून ती एम्प्रेस मिल. आणि 1936, ज्या एका वर्षात लंडनच्या गादीवर तीन राजे झाले, त्याच वर्षी निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. बेरार म्हणजे आपलं वऱ्हाड. कारभार इंग्रजांचा, नाव निजामाचं.