स्वयंसेवकांच्या मुक्तस्रोत (ओपन सोर्स) सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी देणग्या घ्यायच्या असतील, तर आधी स्वतंत्र संस्था नोंदवावी लागते का?

नाही, आधीच नोंदणी असलेल्या एखाद्या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली प्रकल्प नेला, तर ती संस्था तुमच्या वतीने देणग्या स्वीकारते, हिशेब ठेवते आणि प्रकल्पाने मंजूर केलेला खर्च भागवते. डेबियन या मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिमचे पैसे सांभाळणारी, १९९७ साली स्थापन झालेली ‘सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट’ यासाठी जमा रकमेचे ५ टक्के घेते, तर गिट (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन) आणि इंकस्केप (चित्रे काढण्याचे सॉफ्टवेअर) हे प्रकल्प ज्या ‘सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी’चे सदस्य आहेत ती १० टक्के घेते, वार्षिक विवरणपत्रे आणि करांचा भार स्वयंसेवकांच्या डोक्यावरून उतरतो हे पाहता ही कपात मला रास्त वाटते. एखाद्या सदस्याच्या वैयक्तिक बँक खात्यात मात्र देणग्या घेऊ नयेत, कारण ते त्याचे उत्पन्न धरले जाऊ शकते आणि तो प्रकल्प सोडून गेला की पैशांवर हक्क कोणाचा हा वाद उरतो. अर्थात, छत्र मिळाले म्हणून निधी आपोआप येत नाही: जगभरातील असंख्य सर्व्हर ज्यावर विसंबून होते त्या ओपनएसएसएल या इंटरनेटवरील संवाद सुरक्षित करणाऱ्या सॉफ्टवेअरला २०१४ साली त्यातील ‘हार्टब्लीड’ ही गंभीर सुरक्षा-त्रुटी उघड होईपर्यंत वर्षाला जेमतेम २,००० डॉलर देणगी मिळत असे. म्हणून तुमचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कंपन्यांना थेट पत्र लिहा आणि त्यात रक्कम व काम दोन्ही नेमके सांगा, उदाहरणार्थ सुरक्षा-तपासणी, सर्व्हरचे वर्षभराचे भाडे किंवा एका विकसकाचे तीन महिन्यांचे मानधन.