वाचकांचे प्रश्न : घराजवळचे इटालियन रेस्टॉरंट

घराजवळच्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये आलेल्या अनुभवांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहे.

प्रश्न : आमच्या भागात, औसा रस्त्याच्या बाजूला, एका तरुण दांपत्याने इटालियन रेस्टॉरंट सुरू केले आहे. जागा स्वच्छ आहे आणि माणसे अगत्यशील आहेत. पण जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा पास्ता कच्चा वाटला. विचारल्यावर ‘इटलीत असाच खातात’ असे उत्तर मिळाले. पदार्थ परत पाठवणे जिवावर येते. काय करावे?
— एक वाचक, लातूर

उत्तर : त्या दांपत्याने सांगितले ते अर्धे खरे आहे. सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो. इटलीत तर १९६७ सालच्या कायद्यापासून तसे बंधनच आहे. आपल्याकडे कोरडवाहू रानात पिकणारा बन्सी हा ड्युरमच असल्यामुळे त्याचा कडकपणा मराठवाड्यातल्या जुन्या मंडळींना वेगळा सांगायला नको. या रव्याचा पास्ता शिजल्यावरही दाताला किंचित लागला पाहिजे अशी तिकडची रीत आहे आणि तिला ‘अल देन्ते’ म्हणतात. परंतु दाताला लागणे निराळे आणि पीठ कच्चे राहणे निराळे. हुलग्याचे शेंगोळे चुलीवरून लवकर उतरवले तर तोंडात पिठाची चव रेंगाळते आणि फार वेळ रटरटू दिले तर त्यांचा लगदा होतो. पास्त्याचेही तसेच आहे. पुढच्या वेळी पेनेचा, म्हणजे नळीसारख्या पास्त्याचा, एक तुकडा काट्याने मधोमध तोडून त्याची कड नीट पाहावी. सगळा भाग एकसारखा पिवळसर असेल आणि अगदी मध्यभागी केसाएवढी फिकट रेघ दिसत असेल, तर तो योग्य शिजलेला आहे. पांढरा, कोरडा पट्टा स्पष्ट दिसत असेल आणि घास दाताला चिकटत असेल, तर तो कच्चा आहे. इटलीतही तो कच्चाच ठरेल.

हे का होते, तेही समजून घ्यावे. गर्दीच्या वेळेसाठी पास्ता आधीच अर्धवट उकडून, तेलाचा हात लावून फ्रिजमध्ये ठेवतात आणि ऑर्डर आली की सॉसमध्ये परततात. या पद्धतीत गैर काही नाही. मात्र सॉसमध्ये तो पुरेसा वेळ राहिला नाही तर आतून कच्चा राहतो, आणि अंगाला तेल लागलेले असल्यामुळे सॉसही त्याला धरत नाही. जाणता स्वयंपाकी उकळीचे पिठूळ पाणी वाटीभर बाजूला ठेवतो आणि शेवटी सॉसमध्ये घालतो; त्यातल्या स्टार्चमुळे तेल आणि पाणी एकजीव होऊन सॉस पास्त्याला लपेटून बसतो. ताटलीच्या तळाशी तेल किंवा पाणी सुटलेले दिसले, तर ही पायरी गाळली गेली असे समजावे. स्वयंपाकघराची पारख करायची असेल तर स्पॅगेटी अ‍ॅग्लिओ ओलिओ मागवावी. लसूण, ऑलिव्ह तेल आणि सुकी मिरची एवढ्यावरच तो पदार्थ उभा असल्यामुळे करपलेला लसूण किंवा अळणी उकळलेला पास्ता त्यात लपत नाही. क्रीम आणि चीजच्या थराखाली बरेच काही झाकले जाते.

परत पाठवण्याचा संकोच सोडावा, परंतु पहिल्या दोन घासांतच सांगावे. ताटली संपत आल्यावर केलेली तक्रार त्यांच्याही उपयोगाची नसते. ‘हा आतून कच्चा लागतो आहे, सॉसमध्ये आणखी दोन मिनिटे ठेवून द्याल का?’ एवढे वाक्य पुरते. आपल्याला मुळातच मऊ आवडत असेल, तर ते ऑर्डर देतानाच सांगावे. तो आपला हक्क आहे. घराजवळच्या नव्या रेस्टॉरंटविषयी मोबाइलवर एक तारा देऊन गप्प बसणाऱ्यापेक्षा समोर बसून नेमके सांगणारा गिऱ्हाईक त्या दांपत्याला फार मोलाचा आहे, असे मी मनापासून मानतो.

प्रश्न : आम्ही सहा जण गेलो होतो. मुलांचा पिझ्झा आधी आला, माझा रिसोट्टो सर्वांत शेवटी, तोवर बाकीच्यांचे जेवण उरकले होते. शिवाय पिझ्झा हाताने खाल्ला म्हणून मुलगी नाराज झाली. चूक कोणाची?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : रिसोट्टोचा तांदूळ थोडा थोडा उकळता स्टॉक, म्हणजे भाज्या किंवा मांस उकळून काढलेले पाणी, घालत, हलवत शिजवावा लागतो आणि त्याला अठरा-वीस मिनिटे लागतातच, उलट भट्टी चांगली तापलेली असेल तर नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा दीड मिनिटाच्या आत होतो. तेव्हा दोन्ही एकाच वेळी टेबलावर यावेत यासाठी क्रम लावणे हे रेस्टॉरंटचे काम होते आणि ते त्यांनी केले नाही. आपल्याकडे सगळे ताट एकदम वाढले जाते, तर इटालियन जेवण टप्प्याटप्प्याने येते. पण त्यातही एका टप्प्याचे पदार्थ सर्वांसमोर एकत्र यावेत असाच संकेत आहे. ऑर्डर घेणाऱ्याला ‘सगळे एकदम आणा’ किंवा ‘आधी मुलांचे आणा’ असे स्पष्ट सांगितलेले बरे.

हाताचे म्हणाल तर मुलीला सांगावे की नेपल्समध्ये पिझ्झा काट्या-सुरीनेही खातात आणि चौघडी घालून हातानेही खातात. स्पॅगेटी मात्र सुरीने तोडू नये, काट्याभोवती थोडी थोडी गुंडाळावी.

प्रश्न : माझ्या सासूबाई माळकरी आहेत. नातवंडांना त्यांच्यासोबत इटालियन जेवायला जायचे आहे आणि त्याही तयार आहेत. मांस-मासे आणि अंडे त्यांना चालत नाही. कांदा-लसूण चातुर्मासात वर्ज्य असतो. मेनूवर ‘व्हेज’ लिहिलेले असले म्हणजे पुरे का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : पुरे नाही, आणि आपण आधी विचारलेत हे फार चांगले केले. या जेवणात अडचण भाजीपेक्षा चीजची आहे. इटलीतले अस्सल पार्मिजानो रेज्जानो हे चीज दूध विरजताना वासराच्या जठरातले रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारे द्रव्य, वापरून बनवतात. ग्राना पदानो या चीजचेही तसेच. सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटचे शाकाहारी चीज आपल्या बाजारात सहज मिळते आणि पुष्कळ रेस्टॉरंट तेच वापरतात, परंतु गृहीत धरू नये. पुडा पाहायला मागावा. हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका दिसला की शंका मिटते. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरलेला पर्यायी पदार्थही चीजच्या नावावर खपवला जातो, आणि कायद्याने त्याला चीज म्हणता येत नाही. पुडा हातात आलाच आहे, तर घटकांची यादीही वाचून घ्यावी.

सुक्या पास्त्यात रवा आणि पाण्याखेरीज सहसा काही नसते, म्हणून पेने किंवा स्पॅगेटी चालेल. ताजा फेटुचिनी आणि लझानियाच्या पट्ट्या यांत मात्र बहुधा अंडे असते. रिसोट्टोत सुरुवातीला पांढरी वाइन घालण्याचा प्रघात आहे आणि स्टॉक कोंबडीचा असू शकतो. मिनेस्त्रोने या भाज्यांच्या सुपाविषयीही हाच प्रश्न विचारावा. पेस्टो या चटणीच्या हिरव्या रंगावर जाऊ नये, त्यात लसूण आणि चीज दोन्ही असतात. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही नावाचे मासे असतात, आणि भारतातल्या इटालियन मेनूवर हे सॅलड हमखास असते. गोडात पन्नाकोट्टा जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या जिलेटिनने घट्ट केलेला असतो, म्हणून तो समुद्रशेवाळापासून मिळणारे अगर-अगर वापरून केला आहे का ते विचारावे. तिरामिसूत मूळ कृतीप्रमाणे अंड्याचा कच्चा बलक असतो. आपल्याकडे बिनअंड्याचे तिरामिसू मिळते, परंतु त्यातली बिस्किटे अंड्याची निघू शकतात. त्यातले मास्कारपोने हे मऊ चीज मात्र आम्लाने फाडलेल्या सायीचे असल्यामुळे त्यात रेनेटचा प्रश्न येत नाही.

चातुर्मासात जायचे असेल तर मार्गेरिटा पिझ्झा सर्वांत सोयीचा. नेपल्सच्या रीतीने त्यावर फक्त कुस्करलेला टोमॅटो, मोझरेला, तुळशीच्या कुळातली बेसिलची पाने, मीठ आणि ऑलिव्ह तेल असते; कांदा नाही, लसूणही नाही. तयार पिझ्झा सॉसमध्ये ते दोन्ही असतात आणि ‘कांदा-लसूण काढून द्या’ म्हटल्याने ते निघत नाहीत. म्हणून ताजा टोमॅटो वापरून करून द्याल का, असे आदल्या दिवशी फोन करूनच विचारावे. त्याच वेळी स्वतंत्र सुरी, स्वतंत्र ताट आणि धुतलेले पिझ्झा-कटर यांचीही खातरजमा करावी. शनिवार-रविवारची रात्र टाळून एखाद्या आडवारी संध्याकाळी लवकर गेलात तर स्वयंपाकघरालाही इतके लक्ष देणे जमते. एकादशी तेवढी सोडून जा, कारण पिझ्झा आणि पास्ता दोन्ही धान्याचे. आणि एवढे सगळे सासूबाईंसमोर टेबलावर विचारत बसू नये. त्यांना आपण ओझे झालो असे वाटता कामा नये. फोनवर सगळे ठरवून त्यांना निवांतपणे नातवंडांशेजारी बसवावे.

प्रश्न : बिलात जीएसटीच्या वर दहा टक्के सेवाशुल्क लावले होते. हरकत घेतल्यावर ‘इटलीत टेबलाचे वेगळे पैसे घेतातच’ असे सांगण्यात आले. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : इटलीत अनेक ठिकाणी ‘कोपेर्तो’ नावाची माणशी ठरावीक रक्कम घेतात हे खरे आहे, परंतु तिकडच्या रिवाजाने इकडचे बिल ठरत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोणत्याही रेस्टॉरंटला सेवाशुल्क आपोआप बिलात घालता येत नाही, दुसऱ्या नावानेही वसूल करता येत नाही, आणि या सूचना दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये कायम केल्या आहेत. आपण ती रक्कम काढायला सांगावे. सेवा आवडली असेल तर वाढणाऱ्या मुलाच्या हातात आपखुशीने टिप द्यावी, ती त्याच्यापर्यंत पोहोचल्याची खात्रीही राहते.

जीएसटीही एकदा तपासून घ्यावा. साध्या स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये तो पाच टक्के असतो. छोट्या व्यावसायिकांसाठी असलेल्या जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत नोंदणी केलेल्या व्यावसायिकाला मात्र ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही, आणि तो या योजनेत असल्याचे त्याने बिलावर नमूद करायचे असते. अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांकही बिलावर हवा. सेवाशुल्क काढण्यास रेस्टॉरंटने नकार दिला तर बिल जपून ठेवावे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.