उत्तर: स्कोपसवर दोन प्रोफाइल आणि परत आलेली बढतीची फाइल

तुम्ही लिहिलंय की नेफ्रॉलॉजीत (मूत्रपिंडविकारशास्त्रात) गूगल स्कॉलरवर, म्हणजे गूगलच्या संशोधन-शोध सेवेवर, एच-इंडेक्स 11 दिसतो (किमान 11 उद्धरणं, म्हणजे इतर पेपरांनी दिलेले दाखले, मिळालेले 11 पेपर), स्कोपस या संशोधनपत्रांच्या डेटाबेसवर 5, नऊ पेपर भलत्याच नावाच्या दुसऱ्या प्रोफाइलवर आहेत आणि 'पडताळणी होत नाही' असा शेरा मारून फाइल परत आली. हे दुखणं मीही काढलंय, म्हणून सविस्तर लिहितोय. ऑर्किड आयडी (संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक) काढा, यादी अद्ययावत ठेवा हे सांगत बसत नाही.

स्कॉलर आणि स्कोपसचे आकडे जुळणार नाहीत, त्यावरून समितीशी वाद घालू नका. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधीचे मसुदे), परिषदेतले गोषवारे असं सगळं मोजतो. फाइलमध्ये समितीला उघडून पाहता येईल तोच आकडा द्या, शेजारी स्रोत आणि तारीख लिहा.

खरा घोळ आडनावात असतो. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. तीच सवय लेख पाठवतानाच्या फॉर्ममध्ये उतरते. समजा 'कुलकर्णी संजय वसंत' असं सलग भरलं, तर शेवटचा शब्द आडनाव धरला जातो आणि पबमेडवर (वैद्यकीय लेखांच्या सूचीवर) लेखक होतो 'वसंत के. एस.'. पीडीएफमध्ये नाव अखंड छापलेलं असल्यामुळे चूक दिसतच नाही. ती मागच्या एक्सएमएलमध्ये, म्हणजे संगणकाने वाचायच्या नोंदीत, असते, आणि स्कोपस तिथूनच उचलतं.

तपासणं सोपं आहे. प्रकाशक प्रत्येक पेपरची नोंद क्रॉसरेफ या संस्थेकडे, डीओआय या पेपरच्या कायमच्या क्रमांकाखाली, जमा करतात. ब्राउझरमध्ये 'एपीआय डॉट क्रॉसरेफ डॉट ऑर्ग', मग तिरकी रेघ, 'वर्क्स', पुन्हा तिरकी रेघ आणि पेपरचा डीओआय टाका. लेखकांच्या यादीत 'गिव्हन' (नाव) आणि 'फॅमिली' (आडनाव) असे दोन खाने दिसतील. प्रत्येक पेपरचे पाहा.

माझे सर्वात जास्त महिने इथेच गेले. 'माझं नाव चुकलंय, दुरुस्त करा' असं एका मासिकाच्या कार्यालयाला लिहिलं, ही चूक. त्यांनी तो लेखक बदलण्याचा अर्ज धरला आणि सगळ्या सहलेखकांच्या सह्या मागितल्या. त्या दिल्यावर उत्तर आलं की पीडीएफमध्ये नाव बरोबर आहे, बदलाची गरज नाही. संताप येतो, कारण ही दुरुस्ती लेखकाच्या हातात नसते. क्रॉसरेफची नोंद प्रकाशकच पुन्हा जमा करतो, पबमेडचीही तोच सुधारतो. म्हणून पहिल्याच पत्रात लिहा: 'लेखक बदलायचा नाही, पीडीएफ बदलायची नाही, डीओआयच्या नोंदीत गिव्हन आणि फॅमिली हे खाने चुकीचे भरले आहेत, नोंद पुन्हा जमा करावी आणि पबमेडची सुधारावी.' सोबत त्या खान्यांचा स्क्रीनशॉट लावा. पत्र संपादकांना नको, प्रकाशकाच्या प्रॉडक्शन विभागाला.

हे झाल्यावरच स्कोपसच्या ऑथर फीडबॅक विझार्डमधून (लेखकांसाठीच्या दुरुस्ती-फॉर्ममधून) दोन्ही प्रोफाइल एकत्र करायला सांगा. दुसऱ्या कुणा कुलकर्णींचे पेपर त्यात शिरले असतील तर तिथेच नाकारा. परक्याचा एक पेपर सापडला की समिती अख्ख्या यादीकडे संशयाने बघते. काही आठवडे धरून चला. ऑर्किड त्यानंतर जोडा, आधी जोडलं तर अर्धीच यादी तिकडे जाते.

समजा एका प्रोफाइलचा एच-इंडेक्स 5 आणि दुसऱ्याचा 4 आहे, तर एकत्र केल्यावर 9 होतील अशी आशा मात्र धरू नका. एकीकडे उद्धरणं 40, 22, 9, 7, 6, 3 आणि दुसरीकडे 18, 12, 6, 6, 2 असतील, तर एकत्रित एच-इंडेक्स 6 येतो. सातवा पेपर 6 उद्धरणांवरच अडकतो, 7 हवी होती.

आता माझं मत, पटलं तर घ्या. मूत्रपिंडविकारात उद्धरणांचे मोठे आकडे बरेचदा सूत्रं आणि मार्गदर्शक तत्त्वांमुळे येतात. कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं 1976 चं सूत्र 249 रुग्णांवर बेतलेलं होतं, आणि क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंड रक्त किती गाळतं याचा अंदाज) काढायचा म्हटलं की आजही त्याचाच दाखला दिला जातो. केडिगो या मूत्रपिंडविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची तत्त्वं किंवा ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज या जगभरच्या रोगभाराच्या अभ्यासाचे पेपर यांचंही तेच. अशा पेपरवर शेकडो नावांत तुमचं नाव असेल तर ते वेगळ्या शीर्षकाखाली दाखवा आणि ते वगळून एच-इंडेक्सही लिहा. पबमेडवर 'कोलॅबोरेटर' (गटातला सहयोगी) म्हणून आलेलं नाव लेखकाचं धरू नका. डायलिसिसच्या स्वतःच्या रुग्णांवरचा, पहिलं नाव तुमचं असलेला 15 उद्धरणांचा पेपर मला तरी जास्त मोलाचा वाटतो.

बढतीला तर उद्धरणांपेक्षा नावाचा क्रमांकच आधी बघतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2022 च्या नियमांत पहिल्या तिघांत किंवा पत्रव्यवहाराचे लेखक (करस्पॉन्डिंग ऑथर) असणं आणि मासिक ठरावीक सूचींत (इंडेक्सिंग डेटाबेसांत) असणं, अशा अटी होत्या. चालू अधिसूचना स्वतः वाचा, माझ्या शब्दावर जाऊ नका. मासिक सूचीत आहे याचा पुरावा पेपर छापून आला त्याच महिन्यात काढून ठेवा, मासिकं सूचीतून नंतर गळतातही.