आजोबांचा ग्रुप, नातवाचा हेडफोन

कोरोनाची साथ संपली, पण तेव्हाचा अबोला अजून घरात आहे, असं परदेशात राहणाऱ्या एका वाचक मैत्रिणीनं कळवलंय. मार्च २०२० मध्ये भारताची आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली आणि सासरे त्यांच्याकडे अडकले. उठल्या उठल्या ते नातेवाइकांच्या ग्रुपवरचे रुग्णांचे आकडे मोठ्यानं वाचायचे, मग एकेकाला फोन लावायचे. पंधरा वर्षांचा नातू खोलीचं दार लावून, कानाला हेडफोन लावून गेम खेळत बसे. 'याला माणसांची मायाच नाही,' हे आजोबांचं वाक्य त्यानं ऐकलं. आता आजोबा पुन्हा राहायला येताहेत.

ताई, तुम्ही जाता जाता लिहिलंय की तो गेम चार मित्रांबरोबर चालायचा. म्हणजे तोही दिवसभर चार माणसांशीच बोलत होता की! आजोबांना हे कुणी सांगितलं होतं का?

धीर गोळा करायची रीत माणूस जिथे वाढतो तिथून उचलतो. इटलीत लोक बाल्कनीत येऊन गायले. ब्रिटनमध्ये दर गुरुवारी रात्री आठला दारात उभं राहून टाळ्या वाजवल्या. जपानमध्ये सरकारनं सक्ती केली नाही, नुसती विनंती केली, तरी बरेच लोक घरात थांबले. 'जिशुकु', म्हणजे आपणहून आवरतं घेणं. पण त्यालाही दुसरी बाजू होतीच: उघड्या दुकानांवर धमकीच्या चिठ्ठ्या चिकटवणारेही निघाले. चिंता आणि नैराश्य पहिल्याच वर्षात जगभर २५ टक्क्यांनी वाढल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये सांगितलं. तेव्हा कुणाची रीत बरी, हा वाद मी तरी घालणार नाही.

मला जास्त काळजी वाटते ती तुमच्या पत्रातल्या शेवटच्या दोन ओळींची. सासऱ्यांच्या धाकट्या भावाचे अंत्यसंस्कार त्यांनी फोनवर पाहिले, मधेच चित्र गोठलं, आणि 'झालं वाटतं' म्हणून ते उठले. त्यावर पुन्हा कुणी बोललं नाही. ते आले की आधी हा विषय काढा. 'काका लहानपणी कसे होते?' इतकं विचारलं तरी पुरे. नातू घरात असेल तर त्यालाही बसू दे, मात्र बळजबरी नको.

आणखी एक. आपली वडीलधारी माणसं 'मन उदास आहे' असं सहसा म्हणत नाहीत. छातीत धडधडतं, पोट बिघडलंय, झोप लागत नाही, असंच सांगतात. त्याची शारीरिक तपासणी कराच, पण दोन आठवडे हेच चाललं तर डॉक्टरांना झालेली घटनाही सांगा. जगण्यात अर्थ नाही असं काही बोलले, तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी मदत घ्या. भेटीची वेळ ठरवतानाच मराठी किंवा हिंदी दुभाषी मिळेल का ते विचारा. ते काम नातवावर टाकू नका. त्याच्यासमोर आजोबा 'मी अगदी ठणठणीत आहे' असंच सांगतील.